जुन्या मोटारीचें निदान

आमच्या दारांत उभी असलेली मोटार पाहून नवा पाहुणा बहुधा एकच प्रश्न विचारतो, "ही अजून चालते?" या प्रश्नांत कौतुक किती आणि कींव किती याचा हिशेब आम्हीं केलेला नाहीं. मोटार चालते. ती १९९७ सालची मारुति ८०० आहे, आणि हा मजकूर लिहीत असतां तिचा आंकडा दोन लक्ष त्रेसष्ट हजार किलोमीटरांच्या पुढें गेला आहे. पृथ्वीचा घेर विषुववृत्तावर सुमारें चाळीस हजार किलोमीटर धरतात. त्या मापानें पाहतां सातारा, पुणें आणि कोंकण यांपलीकडे फारशी न गेलेल्या या गाडीनें पृथ्वीच्या साडेसहा प्रदक्षिणा केल्या आहेत.

घरांतला प्रश्न मात्र निराळा आहे. आमचे चिरंजीव पुण्यास असतात. त्यांचें म्हणणें असें कीं, "बाबा, या गाडीवर तुम्ही जें खर्च करतां त्यांत नव्या गाडीचे हप्ते निघतील." हिशेबाची वही पाहतां हें खरें नाहीं, परंतु त्यांच्या बोलण्यामागें जी भीति आहे ती खरी आहे. सौभाग्यवतींचे दोन्ही गुडघे दुखूं लागल्यापासून एस्. टी. च्या पायऱ्या त्यांना चढवत नाहींत. त्यांना घेऊन आम्ही वर्षांतून दोनदां कुंभार्ली घाट उतरून गुहागरास कुलदैवताच्या दर्शनाला जातों. त्या घाटाच्या मध्यावर ही गाडी थांबली तर काय, किंवा त्याहून वाईट म्हणजे थांबवावयाची असतां थांबली नाहीं तर काय, हा त्यांचा प्रश्न आहे. आणि 'कांहीं होत नाहीं' हें त्याचें उत्तर होऊं शकत नाहीं. जें यंत्र आपण वृद्ध झाल्यावरहि कामावर ठेवतों, त्याची प्रकृति आपणांस नेमकी ठाऊक असली पाहिजे. नाहीं तर त्यास निवृत्त करावें हें बरें.

आम्ही यंत्रज्ञ नव्हे. आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकविलें, आणि पाना हातीं धरला तो शाळा सुटल्यानंतर. परंतु इतक्या वर्षांच्या सहवासानें आमची अशी खात्री झाली आहे कीं, जुन्या मोटारीच्या दुरुस्तींत हाताच्या कौशल्याहून अनुमानाच्या शुद्धतेचा भाग मोठा असतो. पाना फिरविणारे पुष्कळ मिळतात. तो कोठें फिरवावा हें ठरविणारा विरळा. हल्लींच्या गाड्यांत संगणक असतो. त्यास तार जोडली कीं दोषाचा क्रमांक पडद्यावर उमटतो, आणि कारागीर त्या क्रमांकाचा भाग काढून नवा बसवितो. आमच्या गाडीला अशी वाचा नाहीं. मारुति ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजीं ग्राहकाच्या हातीं पडली आणि जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. संगणकाच्या नियंत्रणाखालीं पेट्रोल सोडण्याची व्यवस्था तिच्यांत २००० सालच्या सुमारास आली. आमची त्यापूर्वींची, म्हणजे कार्ब्युरेटरची. ७९६ घनसेंटिमीटरचें, तीन सिलिंडरांचें तिचें इंजिन ओम्नि गाडींत २०१९ पर्यंत चालू होतें, म्हणून सुटे भाग अजून मिळतात. निदान मात्र डोळे, कान आणि नाक यांनींच करावें लागतें.

तर्कशास्त्राच्या प्रारंभींच्या पाठांत अनुमानाचें ठरलेलें उदाहरण असतें तें धुराचें. पर्वतावर धूर दिसला, अर्थात् तेथें अग्नि आहे. मोटारींत अग्नि आहे हें सर्वांस ठाऊकच असतें. तेथें प्रश्न असा कीं, जळत आहे तें काय? तें धुराच्या रंगावरून कळतें. सायलेन्सरांतून काळा धूर येत असेल तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे. चोक अडकला असेल किंवा हवेचा फिल्टर धुळीनें चोंदला असेल. धूर निळसर असेल तर ऑईल जळत आहे. पांढरा, दाट आणि किंचित् गोडसर वासाचा असेल तर इंजिन थंड ठेवणारें कूलंट सिलिंडरांत शिरत आहे, बहुधा हेडगास्केट गेलें आहे. येथपर्यंत कोणीहि सांगेल. परंतु नैयायिकांनीं हेतूबरोबर हेत्वाभासहि शिकविले आहेत, आणि खिशाला चाट बसते ती हेत्वाभासांनीं. माघांतल्या सकाळीं धडधाकट गाडीच्या सायलेन्सरांतूनहि पांढरी वाफ निघते आणि दहा मिनिटांत नाहींशी होते. ती पाहून घाबरलेल्या एका शेजाऱ्यांनीं हेडगास्केट बदलून घेतल्याचें आम्हांस ठाऊक आहे. रेडिएटरांतील पाणी कमी होत नसतां, ऑईलच्या काठीवर दुधाळ फेंस नसतां, आणि वाफ विरून जात असतां, ती केवळ वाफ होय.

निळ्या धुरांतहि भेद आहे. सकाळीं किल्ली फिरवितांच एक लोट येऊन मग थांबत असेल, तर रात्रभर व्हॉल्व्हच्या सीलांतून ऑईल झिरपून खालीं साचलें असें समजावें. चढावर पाय दाबला असतां धूर सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. पहिल्या दुखण्याचा खर्च सोसण्यासारखा असतो. दुसऱ्यांत इंजिन खालीं उतरतें. म्हणून तर्कावर न थांबतां दाब मोजून घ्यावा. प्लग काढून त्या जागीं दाबमापक बसवितात आणि स्टार्टरानें इंजिन फिरवितात. ज्या सिलिंडरांत दाब कमी भरला त्यांत चमचाभर ऑईल घालून पुन्हां मोजतात. आंकडा वाढला तर दोष रिंगांत, कारण त्यांची फट ऑईलानें क्षणभर बुजली. न वाढला तर दोष व्हॉल्व्हांत किंवा गास्केटांत. अन्वय-व्यतिरेकाचें इतकें निर्मळ उदाहरण आम्हांस शाळेंत असतां मिळालें असतें तर मुलांची जांभई थोडी कमी झाली असती. आमच्या गाडीची ही परीक्षा दोन लक्ष किलोमीटरांच्या सुमारास झाली, कारण उभी असतांना ती थरथरूं लागली होती. दोन सिलिंडर ठीक निघाले. तिसऱ्यांत दाब कमी, आणि ऑईल घालूनहि वाढ नाहीं. हेड उतरवून एक जळका व्हॉल्व्ह बदलला. रिंगांना हात लाविला नाहीं, आणि इंजिन त्यानंतर साठ हजार किलोमीटरांवर चाललें आहे.

परंतु सर्वांत बोधप्रद दुखणें २०२१ सालचें. गाडी अर्धा-पाऊण तास उत्तम चाले. मग चढावर श्वास कोंडल्याप्रमाणें आचके देई आणि बंद पडे. दहा-पंधरा मिनिटें रस्त्याच्या कडेला उभी राहिली कीं, जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा रीतीनें पुन्हां चालूं लागे. चिरंजिवांच्या आग्रहावरून ती पुण्याच्या एका मोठ्या वर्कशॉपांत दिली. वैशाखाचे दिवस होते. तेथील मंडळींनीं 'उष्णता' असें निदान करून कॉइल बदलली. तीन आठवड्यांनीं पुन्हां तेंच. त्यांनीं प्लग आणि वायरी बदलल्या. त्यानंतर कार्ब्युरेटर उघडून त्याचें सर्व किट नवें घातलें. बिल दर वेळीं नवें असे, दुखणें तेवढें जुनें. 'बदलून पाहूं' ही जी एक चिकित्सापद्धति आजकाल रूढ झाली आहे, तींत पाहण्याचें काम कारागीर करतो आणि प्रयोगाचा खर्च मालक देतो.

आमच्यापाशीं गाडीची एक टांचणवही आहे. दिनांक, किलोमीटर, किती लिटर पेट्रोल भरलें, ऑईल किती घातलें, काय बिघडलें, हें सर्व तींत पहिल्या दिवसापासून नोंदलें आहे. गाडी बंद पडण्याचे नऊ प्रसंग तींतून काढून एका कागदावर मांडले, आणि पहिलीच गोष्ट अशी दिसली कीं, त्यांतले तीन प्रसंग रात्रीचे होते, एक तर पौषांतल्या कडाक्याच्या थंडींतला. म्हणजे उष्णता पुष्कळदां सोबत होती, पण ती कारण नव्हती. घडा घडतो तेव्हां कुंभाराचें गाढव माती वाहून आणतें. तें घड्यापूर्वीं नियमानें हजर असतें, तरी त्यास घड्याचें कारण कोणी म्हणत नाहीं. न्यायशास्त्रांत अशा सोबत्यास अन्यथासिद्ध म्हणतात. उष्णता हें आमच्या दुखण्यांतलें गाढव होतें, आणि वर्कशॉपवाले तीन महिने त्यालाच चारा घालीत होते.

मग नऊहि प्रसंगांत समान काय? सलग प्रवास, हें एक. गांवांतल्या दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत ती एकदांहि बंद पडली नव्हती. दुसरें चमत्कारिक होतें. पेट्रोलची टांकी गळ्यापर्यंत भरून निघालों असतां ती लवकर बंद पडे. टांकी अर्धी असतां उशिरां. यावरून एका स्नेह्यांनीं पंपावरच्या पेट्रोलांत भेसळ असल्याचा सिद्धान्त मांडला. पण पेट्रोल भेसळीचें असतें तर तें दहा मिनिटांच्या विश्रांतीनें शुद्ध कसें होईल?

आम्ही कागद घेऊन आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलों. साताऱ्याच्या एका बोळांत त्यांचें लहानसें गॅरेज आहे, आणि सत्तरी उलटली तरी ते स्वतः गाडीखालीं जातात. त्यांनीं कागद दोनदां वाचला आणि विचारलें, "गुरुजी, टांकीचं झांकण केव्हां उघडतां?"

"पेट्रोल भरतांना. एरवीं कशाला उघडूं?"

"आतां बंद पडली कीं बॉनेटला हात लावूं नका. नुसतं झांकण उघडा आणि कान द्या."

पुण्याहून परततांना खंबाटकीच्या चढावर तो योग आला. झांकण फिरवितांच 'फुस्स' असा मोठा आवाज होऊन हवा आंत ओढली गेली, आणि किल्ली लावतांच इंजिन चालू झालें. टांकींतलें पेट्रोल जसजसें संपतें तसतशी त्याच्या जागीं बाहेरची हवा आंत यावी लागते, आणि त्यासाठीं झांकणांत एक बारीक वाट ठेवलेली असते. आमच्या झांकणाची ती वाट चोवीस वर्षांच्या धुळीनें बुजली होती. आंत पोकळी होई, पंपाला पेट्रोल ओढवेना, आणि इंजिन उपाशीं राही. थोडा वेळ थांबलें कीं कोठून तरी हवा हळूहळू शिरे आणि तेवढ्यापुरतें भागे. टांकी भरलेली असतां वरची जागा थोडी, म्हणून पोकळीचा जोर लवकर वाढे. भेसळीच्या सिद्धान्ताचाहि असा निकाल लागला. नवें झांकण घातलें. त्याची किंमत मागच्या तीन बिलांशीं ताडून पाहण्याचा मोह आम्हीं आवरला, पण सौभाग्यवतींनीं आवरला नाहीं.

आवाजांविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण आवाज कागदावर उतरत नाहीं. सुकाणू पूर्ण वळवून गाडी हांकली असतां पुढच्या चाकांतून 'कट् कट्' येत असेल तर आंसाच्या टोंकाचा सांधा झिजला. त्यावरची रबरी टोपी फाटून आंत माती गेली कीं हें होतें. टोपी स्वस्त असते, सांधा महाग. म्हणून दर सहा महिन्यांनीं वांकून टोपी पाहावी. वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची. डावीकडे वळतांना ती वाढली तर उजव्या चाकाचा संशय घ्यावा, कारण वळणांत भार बाहेरच्या चाकावर पडतो. पाण्याचेंहि तसेंच. गर्दींत उभी असतां गाडी तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंखा किंवा त्याचा स्विच पाहावा. गांवांत बरी असते आणि लांबच्या चढावर तापते, तर रेडिएटर आंतून चोंदला असण्याचा संभव अधिक. या भागांत विहिरींचें पाणी जड आहे. तें वर्षानुवर्षें घातलेल्या रेडिएटरांत नळ्यांना पुटें धरतात. आम्ही डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांखेरीज कांहीं घालीत नाहीं. तापलेल्या रेडिएटराचें झांकण मात्र कोणीं कधींहि उघडूं नये. आंतलें पाणी दाबाखालीं असतें आणि तें तोंडावर उसळतें. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतण्याचीहि घाई करूं नये. हेड अॅल्युमिनिअमचें असतें, तें वांकडें होतें.

येथवर सांगितलीं तीं बोलकीं दुखणीं. मिस्त्री एकदां म्हणाले, "आवाज करते ती गाडी घरीं आणते. गप्प असते तिला भ्यावं." चिरंजिवांच्या प्रश्नाचें खरें उत्तर या वाक्यांत आहे असें आम्हांस वाटतें. इंजिन बिघडलें तर गाडी थांबते. गैरसोय होते, अपमान होतो, पण मनुष्य सुखरूप राहतो. जीव घेतात ते मुके भाग, आणि जुन्या गाडीचे मालक बहुतेक सर्व पैसा बोलक्या भागांवर खर्च करतात.

पहिला मुका भाग ब्रेक ऑईलाचा. त्यास ऑईल म्हणण्याचा प्रघात आहे, पण तें तेल नव्हे. हवेंतलें पाणी शोषून घेणें हा त्याचा स्वभाव आहे. वर्ष-दोन वर्षांत त्यांत पाणी मुरतें आणि त्याचा उत्कलनबिंदु खालीं येतो. गांवांत हें कधींच कळत नाहीं. लांबच्या उतारावर ब्रेक सारखा दाबून धरला कीं चाकांपाशींची उष्णता ऑईलापर्यंत पोंचते, मुरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पायाखालचें पॅडल मऊ होऊन खालीं जातें आणि गाडी मात्र रुकत नाहीं. कुंभार्लींत हें होऊं नये म्हणून दोन उपाय. ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनीं, तें कितीहि स्वच्छ दिसो, बदलावयाचें. आणि घाट ज्या गिअरांत चढावा लागला असता त्याच गिअरांत उतरावयाचा, म्हणजे गाडीला आवरण्याचें काम इंजिन करतें. उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वांचविणारे महाभाग अजून भेटतात. त्यांच्या मागें आम्ही गाडी ठेवीत नाहीं.

ब्रेकचे रबरी पाईप आंतून फुगतात, बाहेरून नवेच दिसतात. पाय काढल्यावरहि एका चाकाचा ब्रेक धरून राहतो, आणि पेट्रोल अधिक जाऊं लागतें. वहीचा उपयोग येथें होतो. आमची गाडी लांबच्या प्रवासांत लिटरला अठरा किलोमीटर देते. एका महिन्यांत ती पंधरावर आली तेव्हां प्रवास संपतांच आम्हीं चारहि चाकांच्या मध्याजवळ हात नेऊन पाहिलें. तीन कोमट होतीं, एक तव्यासारखें तापलेलें. पाईप बदलला. सर्वस्वीं मुकें असें कांहीं नसतें. आंकडे ठेवले तर मुका भागहि खुणा करतो.

टायरांचें वय त्यांच्या अंगावर छापलेलें असतें आणि वाचणारे थोडे. चार आंकडे असतात: पहिले दोन वर्षांतला आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१९ असें असेल तर तें टायर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यांतलें. थोडी फिरणाऱ्या गाडीचीं टायरें झिजत नाहींत, वाळतात. नक्षी कायम असते, पण रबर टणक होऊन भेगाळतें आणि पावसांत घसरतें. निवृत्त लोकांच्या गाड्यांना हा रोग विशेष. इंजिनांतला टायमिंग बेल्ट तर तुटेपर्यंत चकार शब्द काढीत नाहीं, आणि तुटला कीं इंजिन जागच्या जागीं बंद होतें. तो आम्ही किलोमीटरांवर विसंबून न राहतां पांच वर्षांनीं बदलतोंच.

आणि गंज. कोंकणची खारी हवा, चाकांच्या कमानींत साचलेला चिखल, दारांच्या तळाशीं पाणी जाण्यासाठीं असलेलीं आणि पालापाचोळ्यानें बुजलेलीं भोकें, पायाखालच्या रबरी चटईखालीं मुरलेली ओल, यांनीं जुन्या गाडीची तळजमीन खालून आणि वरून पोंखरली जाते. वर रंग उत्तम असतो. इंजिन दुसरें बसवितां येतें, पण सांगाड्यानें दगा दिला तर त्यावर उपाय नाहीं. गुहागराहून परत आल्यावर गाडी वरून धुण्यापूर्वीं आम्ही ती खालून गोड्या पाण्यानें धुतों, आणि दर वैशाखांत चटया उचलून मोठ्या पेंचकसाचें टोंक तळाच्या पत्र्यावर जोरानें टेंचून पाहतों. निरोगी पत्रा 'टण्' म्हणतो. गंजलेला 'भद्' म्हणतो, किंवा पेंचकस आरपार जातो.

अलीकडे एका नव्या पथ्याची भर पडली आहे. २०२५ सालापासून पंपावर मिळणारें पेट्रोल बहुतेक ठिकाणीं वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें असतें. त्याच्या राष्ट्रीय लाभाविषयीं येथें वाद घालावयाचा नाहीं. उंसाच्या प्रदेशांत राहून तो घालण्याचें धैर्यहि नाहीं. परंतु १९९७ च्या गाडीचें रबर त्या मिश्रणासाठीं घडविलेलें नव्हतें. पंपाचा पडदा, पेट्रोलच्या नळ्या, कार्ब्युरेटरांतलीं सीलें हीं त्यानें फुगतात किंवा ठिसूळ होतात, आणि नळी गळूं लागली तर गरम इंजिनावर पेट्रोल पडण्याचें भय असतें. इथेनॉल जुन्या टांकींतला गाळ सोडवितें, त्यामुळें फिल्टर पूर्वींपेक्षां लवकर चोंदतो. तें पाणीहि धरतें, म्हणून गाडी महिनोन्महिने उभी ठेवणें वाईट. त्यांत प्राणवायु असल्यानें मिश्रण पातळ पडतें. कार्ब्युरेटराला तें आपोआप सुधारून घेतां येत नाहीं, आणि गाडी थंडींत कुरकुरते. आम्हीं सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालून घेतल्या, पंप बदलला, मिस्त्रींकडून कार्ब्युरेटराची जुळणी करून घेतली, आणि दर रविवारीं बॉनेट उघडून पेट्रोलचा वास येतो कीं काय हें हुंगून पाहण्याचा नेम ठेविला. गाडी आठवड्यांतून दोनदां तरी वीस किलोमीटर चालवावी, तेवढ्यानें पुष्कळ रोग टळतात.

आतां चिरंजिवांच्या मुख्य मुद्द्याकडे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. आमची २०१२, २०१७ आणि २०२२ सालीं वाढली, आणि २०२७ सालीं पुन्हां संपेल. या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून सहाशें रुपयांवरून पांच हजारांवर गेली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठीं ऑगस्ट २०२५ मध्यें दहा हजार झाली. सरकारला जुन्या गाड्या रस्त्यावर नको आहेत हें उघड आहे, आणि धुराच्या दृष्टीनें तें सर्वथा चूक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. फी हा मात्र आमच्या लेखीं निर्णायक मुद्दा नव्हे. निर्णायक गोष्टी तीन ठरविल्या आहेत, आणि त्या प्रसंग येण्यापूर्वींच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून चिरंजिवांना दाखविल्या आहेत. कारण प्रसंग आल्यावर मनुष्य आपल्या जुन्या सोबत्याच्या बाजूनें युक्तिवाद करूं लागतो, आणि शास्त्र शिकलेला तर अधिकच. तळाचा किंवा कमानींचा पत्रा भार पेलणाऱ्या जागीं गंजला, तर गाडी भंगारांत जाईल, ठिगळ लावून चालणार नाहीं. ब्रेकचा किंवा सुकाणूचा एखादा भाग अस्सल मिळेनासा झाला, तर बाजारी नकलेवर घाट उतरावयाचा नाहीं. आणि तिसरें, मिस्त्रींचें काम थांबलें तर.

या तिसऱ्या कलमावर घरांत बरीच चर्चा झाली. चिरंजिवांना तें भावनेचें वाटलें. आम्हांस तें तिन्हींत अधिक व्यावहारिक वाटतें. मिस्त्रींचा मुलगा हाताचा चांगला आहे, पण तो शिकला तो संगणकाच्या गाड्यांवर. कार्ब्युरेटर पुढें आला कीं बापाला हांक मारतो. मिस्त्री पेंचकसाचें टोंक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून कोणता व्हॉल्व्ह सैल आहे तें सांगतात. ती विद्या कोणी लिहून ठेविली नाहीं, आणि लिहून ती येणारहि नाहीं. शब्दप्रमाण मानावें तें आप्ताचें. तो आप्तच उरला नाहीं म्हणजे आम्हांस वर्कशॉपांतल्या गाढवांच्या स्वाधीन व्हावें लागेल. येथें गाढव शब्द वर आला आहे त्याच शास्त्रीय अर्थानें घ्यावा.

गेल्या दिवाळींत मिस्त्रींच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आतां नजर स्वच्छ आहे, पण पाठ धरते, म्हणून गाडीखालीं जाण्यास ते नातवाला बरोबर घेतात. नातू मॅट्रिकच्या वर्गांत आहे. संध्याकाळीं तो आमच्याकडे संस्कृत शिकावयास येतो आणि सकाळीं आजोबांच्या हाताखालीं नट सोडवितो. यांपैकीं कोणत्या विषयांत त्याला अधिक गति आहे हें सांगणें आमच्या सोयीचें नाहीं.

येत्या वैशाखांत चिरंजीव आठ दिवस राहावयास येणार आहेत. त्या वेळीं ब्रेक ऑईल बदलण्याची पाळी आहे, आणि मागच्या दोन पाईपांना पांच वर्षें होतात तेहि बदलावयाचे आहेत. चटया उचलून तळ तपासण्याचें काम यंदा आम्ही करणार नाहीं. पेंचकस त्यांच्या हातीं देऊं, आणि जेथें त्यांना संशय येईल तेथें हवा तितका जोर लावूं देऊं.